तिसरी हाक

सकाळी दहा वाजता बंगल्यात रात्र करायला घेतली. दोघेजण शिड्यांवर चढून खिडक्यांना काळं कापड ठोकत होते, तिसरा खाली उभा राहून "डावीकडून अजून उजेड येतोय" असं परत परत सांगत होता, आणि माझे बाबा दिवाणखान्याच्या मधोमध उकिडवे बसून जमिनीच्या एका फळीशी बोलत होते.

"उचल गो बाये," ते तिला म्हणाले. "काल चार येळा उचललंस. आज काय रुसलंस?"

"बाबा, ती फळी आसा. म्हस नाय," मी म्हणाले. हा विनोद माझ्याशिवाय कोणालाच ऐकू गेला नाही.

तेव्हा माझं तसंच होतं. मी रुजुता मेस्त्री, त्या वेळी नुकतीच सातवी संपलेली. आता मी दहावीत आहे, वर्गाची मॉनिटर आहे, आणि माझा आवाज मैदान ओलांडून स्टँडपर्यंत येतो अशी तक्रार खुद्द रिक्षावाल्यांनी सरांकडे केलेली आहे. पण सातवीत मी हजेरीला "हजर" म्हणायचे ते पुढच्या बाकापर्यंतही पोचायचं नाही. एका महिन्यात बाईंनी मला नऊ दिवस गैरहजर मांडलं होतं आणि नऊही दिवस मी त्यांच्यासमोर बसलेली होते. घरी पाहुणे आले की आई सांगायची, "तिका बोलाक येता, पण ती आतल्या आत बोलता."

मे महिन्याची सुट्टी होती आणि आमच्या गावात सिनेमाची माणसं आली होती. चाळीसेक माणसं, तीन गाड्या, एक जनरेटर आणि वारा सोडायचा एक राक्षसी पंखा. सिनेमा भुताचा, आणि तोही जुन्या काळातला. साल एकोणीसशे चौतीस. कस्टमचा एक साहेब खाडीवरच्या बंगल्यात राहायला येतो आणि पहिल्याच रात्री त्याला जमिनीखालून एका मुलीचा आवाज ऐकू येतो. एवढी गोष्ट मला समजली होती. पुढची समजायला सिनेमा बघावा लागेल, असं त्यांच्यातला जो तो म्हणायचा.

खाडीच्या तोंडाशी असा बंगला आमच्याकडे खरोखरच आहे. इंग्रजांच्या वेळचा. वर लाकडी जमिनीचा दिवाणखाना, खाली जांभ्या दगडाचं तळघर. गलबतांवर पकडलेला माल त्या तळघरात ठेवत, म्हणून त्याचं एकुलतं एक दार खाडीच्या बाजूला आहे आणि दाराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. पुनवेच्या आणि अमावास्येच्या मोठ्या भरतीला पाणी दारातून आत शिरतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. त्या चाळीस माणसांपैकी एकालाही नव्हतं, कारण आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं ना.

बाबा सुतार. त्या महिन्यात त्यांनी नवीन लाकूड जुनं दिसेल असं केलं आणि जुनं लाकूड नवीन दिसेल असं केलं, आणि दोन्हीला शाबासकी मिळवली. सगळ्यांत अवघड काम ती फळी. भुतानं खालून ढकलल्यासारखी ती एका टोकाला हळूहळू वर यायला हवी होती. बाबांनी फळी मध्ये टेकूवर तोलून तिच्या मागच्या टोकाला दोरी बांधून ती खाली तळघरात नेली होती, तिथे कप्पीवरून फिरवून परत वर आणून भिंतीआड सोडली होती. भिंतीआडून दोरी ओढली की फळी वर यायची. काल आली होती. आज नाही.

आणि भुताचा आवाज माझा होता.

हे कसं झालं ते सांगते. आवाज मुद्रित करणारी गार्गीताई दिवसभर कानाला मोठे हेडफोन लावून बसायची. एके दिवशी मी कोपऱ्यात बसून आंब्याच्या पेटीवरची अक्षरं स्वतःशीच वाचत होते, तर ती एकदम वळून म्हणाली, "कोण बोललं?" तिच्या शेजारच्या माणसालाही काही ऐकू आलं नव्हतं. तिच्या यंत्राला आलं होतं. ती माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, "तुझा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा आहे गं. कसला सुंदर आहे." माझ्या आवाजाबद्दल कोणी तक्रारीशिवाय काही बोललं, ते पहिल्यांदा.

माझं वाक्य एकच होतं. "वर कोण आहे?"

ते किती वेळा म्हणायचं, यावर मात्र वाद झाला. दिग्दर्शक अभिराम सर पाच वेळा म्हणत होते, त्यांचा मदतनीस ओजसदादा एकदाच म्हणत होता. सुलूकाकी तेव्हा पंगतीला सोलकढी वाढत होती. ही माझी चुलती. सगळ्या लोकांचं जेवण आणि चहा तिच्याकडे होता.

"काकी, तुमच्याकडे भूत हाक कशी मारतं?" सरांनी तिला गमतीनं विचारलं.

"दोनदा," काकी म्हणाली. कोणी एसटीची वेळ विचारावी आणि तिनं सांगावी, तसं.

"दोनदाच का?"

"भूत दोनदाच हाक मारता. म्हणान पयल्या हाकेक ओ देव नये, दुसऱ्याक पण नाय. तिसरी इली की समजाचा, माणूस आसा."

"पण भुताला तिसरी का जमत नाही?"

"माका काय ठावक. दम पुरणा नसात."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझी हाक दोनदा मुद्रित झाली, मध्ये दहा आकडे मोजण्याएवढं थांबून, आणि ती ओजसदादाच्या फोनवरून जिन्याखालच्या स्पीकरवर वाजू लागली. पहिले दोन दिवस जेवतानासुद्धा कोणीतरी ती वाजवून दुसऱ्याला दचकवायचं. मग कोणी दचकेनासं झालं.

तर त्या दिवशी फळी रुसली होती.

"दोरी खंयतरी अडाकली," बाबा म्हणाले. "खालसून बघूक व्हयी. बॅटरी घेवन ये."

"भरती?" मी म्हणाले. "आज अवस आसा."

एवढं मात्र त्यांना ऐकू गेलं. "भराक अजून दीड तास आसा. पाच मिन्टाचा काम."

कोणाला सांगून जायला कोणी मोकळं नव्हतं. आई अंगणवाडीत. काकी मागच्या अंगणात चहाच्या पातेल्यापाशी. आम्ही बंगल्याला वळसा घालून खाडीकडच्या पायऱ्या उतरलो. शेवटच्या तीन ओल्या होत्या. तळघरात घोट्याएवढं पाणी आलेलं होतं.

बाबांनी बॅटरी वर मारायला सांगितलं. कप्पी एका आडव्या तुळईला टांगलेली होती. ही काही जमीन पेलणारी तुळई नव्हे. पूर्वी कधी माल लटकवायला भिंतीत घुसवून ठेवलेली. दोरी कप्पीच्या चाकावरून घसरून बाजूच्या फटीत अडकली होती. बाबा एका चिऱ्यावर चढले आणि त्यांनी दोरी दोन्ही हातांनी धरून झटका दिला. एक. दुसऱ्या झटक्याला तुळईचं टोक भिंतीतून बाहेर आलं. टोकाबरोबर भिंतही आली.

आवाज मोठा झाला असणार. वर त्याच वेळी खिळे ठोकत होते.

धूळ बसली तेव्हा बाबा उताणे पडले होते. तुळई त्यांच्या छातीवर आडवी, तिच्या एका टोकावर चिरे, आणि त्यांचा डावा पाय त्याच चिऱ्यांखाली. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मला आधी वाटलं, मलाच ऐकू येईनासं झालं.

त्यांची पहार भिंतीला टेकवलेली होती. मी ती घेतली. सातवीच्या विज्ञानात तरफेचा धडा होता, त्यात एक माणूस दगड हलवतोय असं चित्र होतं आणि ते चित्र मी परीक्षेत फार छान काढलं होतं. मी पहारीचं टोक तुळईखाली घातलं, खाली एक चिरा सरकवला आणि दुसऱ्या टोकावर बसले. नुसतं दाबून काही झालं नाही, बसल्यावर झालं. तुळई चार बोटं उचलली.

बाबांच्या छातीत हवा गेली. ते कसेबसे दोन्ही कोपरांवर उठले.

"आता निघ," मी म्हणाले.

"पाय अडाकलो."

"ओढ."

त्यांनी ओढला. त्यांचा चेहरा बघून मी पुन्हा ओढायला सांगितलं नाही.

"जा," ते म्हणाले. "कोणाक तरी घेवन ये. धावत जा."

मी उठले. पहार वर आली, तुळई खाली गेली आणि बाबांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी लिहिणार नाही. मी परत बसले. तुळई परत चार बोटं वर. त्यानंतर मी उठले नाही.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बॅटरी पाण्यात पडून पेटतीच होती, त्यामुळे उजेड खालून हिरवा येत होता. पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत होतं, आणि दाबलेल्या पहारीवर मी जमिनीपासून फार तर वीतभर वर बसलेली होते. बाबा तर पाण्यात झोपलेलेच होते, कोपरांवर. मी पहारीवरून उठले तर तुळई त्यांना खाली दाबणार, आणि खाली आता पाणी. हे आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"हाक मार," बाबा म्हणाले. "माका दम नाय. तू मार."

वर पंखा घरघरत होता. जनरेटर धडधडत होता. शिड्या ओढत होते. मी "कोणीतरी या" म्हणाले, "बाबा पडलेत" म्हणाले, "मी रुजू" म्हणाले, आणि ते सगळं माझ्या नेहमीच्या आवाजात. मला वाटत होतं मी ओरडते आहे.

"मोठ्यान गो."

"मोठ्यानच मारतंय."

एवढ्यात पंखा थांबला. वर कोणीतरी "सायलेन्स" म्हणालं आणि चाळीस माणसं गप्प झाली. आमच्या डोक्यावर, फळीच्या अंतरावर, बुटांचा आवाज आला. सिनेमातला साहेब. एक पाऊल, दुसरं पाऊल. मी एवढी खूश झाले. आता ऐकू जाणार, नक्की जाणार. मी छाती भरून घेतली आणि वर माणूस आहे हे कळत असताना खालचा माणूस जे म्हणेल तेच म्हणाले.

"वर कोण आहे?"

बूट थांबले.

"वर कोण आहे?"

बूट मागे सरले. कोणीतरी दचकून श्वास घेतला, तोही आम्हाला ऐकू आला. आणि मग अभिराम सरांचा आवाज. "कट. वा. ओजस, आज टायमिंग काय साधलंस."

आणि ओजसदादाचा आवाज, थोडा गोंधळलेला: "सर, मला वाटलं गार्गीनं..."

त्याचं पुढचं पंख्याखाली गेलं.

नंतर कळलं ते असं. ओजसदादाला वाटलं, आवाज गार्गीताईनं तिच्या यंत्रावरून लावला. गार्गीताईला वाटलं, ओजसदादानं फोनवरून. दोघांना एकमेकांना विचारायचं होतं, पण सरांनी लगेच "पुन्हा एकदा" म्हटलं, आणि टेक चालू असताना बोलायचं नसतं. फळीचं काम चहानंतर होतं, म्हणून बाबांनाही कोणी शोधलं नाही.

पाणी बाबांच्या काखेपर्यंत आलं. माझ्या मांड्यांवर आलं. मे महिना असून ते थंड होतं. मी बाबांना म्हणाले, "परत गप्प होतले. तेवा मारतंय." ते मान हलवत होते. त्यांचे ओठ निळे दिसत होते. बॅटरीमुळे असतील, असं मी ठरवलं.

परत "सायलेन्स" झालं. मी तोंड उघडलं आणि वरून माझाच आवाज आला.

"वर कोण आहे?"

इतका शांत. कोरडा, सावकाश, कुठे घाई नाही. मी खाली पाण्यात, आणि मी वर जिन्याखाली बसून मलाच विचारते आहे. मी "मी इथे" म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, पण वरच्या मुलीनं दहा आकडे मोजून दुसरी हाक घातली आणि तिचा आवाज स्पीकरचा होता. माझ्या आवाजावर तो सहज बसला. मला तिचा असा राग आला की त्या रागातच मी रडायला लागले.

"रडा नको," बाबा म्हणाले. "दम जाता."

"कट," वर झालं. "छान. चहा घेऊ या. पंधरा मिनिटं."

आणि ते गेले. बूट गेले, शिड्या गेल्या, बोलणं गेलं. दार करकरलं. पंखा बंद, मग जनरेटरही बंद. बंगला खरोखरच रिकामा झाला. मी वर ओरडत राहिले आणि वर कोणीच नव्हतं.

पाणी माझ्या कमरेच्या वर आलं. पाण्यात बसलेल्या माणसाचं वजन कमी होतं, हेही विज्ञानात होतं, आणि ते मला तेव्हा कळलं, कारण तुळई जराशी खाली आली. मी पहारीच्या अगदी टोकाला सरकले. हातांनी जमिनीतला एक चिरा धरून स्वतःला दाबून धरलं. तुळई परत उचलली, तीन बोटं. बाबांची हनुवटी पाण्याला टेकत होती. मान वर करून ते छताकडे बघत होते.

"झरोको खंय आसा?" त्यांनी विचारलं.

भिंतीत उंचावर एक गज लावलेला झरोका होता, अंगणाच्या बाजूला. त्यातून उजेडाची एक पट्टी येत होती आणि आता सगळं बंद झाल्यावर कपांचा आवाजही येत होता. माणसं तिकडे होती. चहा पीत होती.

"काकी थंय आसा," बाबा म्हणाले. "तिका हाक मार. नावान मार."

"काकी."

"ह्या काय? सुलूकाकी म्हण. पोटातसून."

पोटातून म्हणजे कुठून, ते मला ठाऊक नव्हतं. मी डोळे मिटले आणि कुठून तरी काढला.

"सुलूकाकी…"

कपांचा आवाज थांबला. नक्की थांबला. मग कोणीतरी हसलं.

"परत," बाबा.

"सुलूकाकी…"

ओ आली नाही. कोणी पुरुष म्हणाला, "मशीन आहे काकी ते. पोरं खेळतायत." परत हसणं. परत कप.

तेव्हा मला समजलं की कोणी येणार नाही. घसा सोलून निघाला होता आणि आत काही उरलं नव्हतं. पाणी माझ्या छातीवर होतं. बाबा मान वर धरून धरून थकले होते. एकदा त्यांचं तोंड पाण्यात गेलं आणि ते खोकत वर आले.

"ती नाय येणा बाबा," मी म्हणाले. "तिका मशीन वाटता."

"नाय." ते एकेक शब्द वेगळा काढत होते. "ती आयकत आसा. ती मोजत आसा."

मी चिरा आणखी घट्ट धरला.

"थांबली आसा ती. तिसऱ्यासाठी."

मग ते आणखी काहीतरी पुटपुटले. पाणी भिंतीला लागून खळखळत होतं.

"काय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, किंवा मला तसं वाटलं.

"काय नाय," ते म्हणाले. "तिसरी मार."

ती तिसरी हाक कशी होती, ते मला त्या वेळी कळलंच नाही. काकी सांगते की तो पोरीचा आवाज नव्हताच, कापड फाटावं तसा होता. तिच्या हातात गाळणं होतं. पहिल्या हाकेला तिच्या अंगावर काटा आला, दुसरीला तिनं सगळ्यांना "गप" म्हटलं आणि ती नुसती उभी राहिली. दिवेवाला हसत होता, कोणीतरी तिच्या हातातून गाळणं घ्यायला बघत होतं, आणि ती उभी. तिला विचारलं की काकी, किती वेळ उभी होतीस, तर काका गेले त्या दिवसाची आठवण काढून म्हणते, "माझो घोव गेल्लो तेवा उभी ऱ्हवलंय नाय एवढी."

मला फक्त उत्तर आठवतं.

"ओ," काकी म्हणाली. आणि मग धावण्याचा आवाज.

पुढचं फार भरभर झालं. काकी पायऱ्यांवरून पाण्यात पडतच आली, तिनं बाबांचं डोकं आपल्या मांडीवर उचलून धरलं आणि आल्या आल्या अभिराम सरांना अशा शिव्या दिल्या की त्यांनीही वहीत लिहून घेतल्या नसतील. जनरेटरच्या गाडीतला जॅक आणला. अकरा माणसं लागली. पाय निघाला तेव्हा बाबांची शुद्ध गेलेली होती. मला कोणीतरी "ऊठ आता" म्हणत होतं आणि मी पहार सोडत नव्हते. ओजसदादानं माझी बोटं एकेक करून उघडली. तो रडत होता. त्याच्या खिशात फोन होता, आणि त्याच्याही नकळत धक्का लागून की काय, तो वाजायला लागला. वर कोण आहे. त्यानं फोन खाडीत फेकला.

पाणी त्यानंतरही चार बोटं चढलं. काकीनं नंतर भिंतीवरची ओल मला बोटानं दाखवली.

बाबा जिल्ह्याच्या इस्पितळात एकोणीस दिवस होते. पाय राहिला, पण वाकत नाही. ते आता उभ्यानं रंधा मारतात, त्यासाठी त्यांनी स्वतःच उंच बाक बनवला आहे. मी त्या एकोणीस दिवसांत बोलायला लागले. काही ठरवून नाही. घसा बरा झाला आणि आवाज बदलूनच आला, जाडसर आणि मोठा. पहिल्यांदा नर्सबाईंना सलाईन संपल्याचं सांगितलं, तर बाजूच्या वॉर्डातली नर्सही धावत आली.

अकराव्या दिवशी गार्गीताई भेटायला आली. शहाळी घेऊन आली आणि ती कुठे ठेवायची हे तिला कळेना. मग तिनं मला बाहेरच्या बाकावर बोलावलं. पिशवीतून यंत्र काढलं, हेडफोन काढले.

"रुजू, फळी वर येतानाचा आवाज घ्यायला मी आदल्या दिवशी फटीतून एक माइक खाली सोडला होता. तळघरात. तो सकाळपासून चालू होता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "खाली पाण्याचा आवाज फार, म्हणून मी तो माझ्या कानात बंद ठेवला होता. माझ्या कानात बंद होता गं. यंत्रात नव्हता."

"सगळं आहे त्यात?"

"सगळं. सरांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मागतील, आणि मागितलं तर…" ती थांबली. "इतकं खरं मी आयुष्यात कधी मुद्रित केलेलं नाही, आणि मला ते यंत्रात ठेवून झोप येत नाही. तुझं आहे. तू सांग काय करू."

मी यंत्र आणि हेडफोन घेऊन आत, बाबांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. बाबांना झोप लागली होती. मी कानाला लावलं आणि ऐकलं.

पाणी. मी. पाणी. मी किती बारीक ओरडत होते, तेही कळलं. "सुलूकाकी" एकदा, "सुलूकाकी" दोनदा. माझं ते, "ती नाय येणा बाबा." बाबांचं ते, "ती मोजत आसा." आणि मग ते पुटपुटणं. माइक त्यांच्या तोंडाच्या बरोबर वर लोंबत होता.

"रुजू," बाबा म्हणत होते. "सोड आता पहार. तू जा वर. पाणी तुझ्या गळ्याक येतला."

मग माझा आवाज. "काय?"

मग नुसतं पाणी.

"काय नाय. तिसरी मार."

मी आईला नाही सांगितलं, काकीला नाही सांगितलं, ते इथे सांगते. मला ते यंत्रामुळे कळलं नाही. मी ते तेव्हाच ऐकलं होतं. अक्षर न् अक्षर. जन्मभर हळू बोललेल्या मुलीला हळू बोललेलं सगळं ऐकू येतं. मी "काय?" म्हणाले, कारण त्यांनी तेच दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं असतं तर मला उठावं लागलं असतं की काय, याची मला भीती वाटली. आणि कारण ते दुसऱ्यांदा सांगणार नाहीत, असंही मला वाटलं. त्यांना जगायचं होतं. त्यांच्या डोळ्यांत ते एवढं उघड होतं, की त्यांनाच त्याची लाज वाटली असावी. म्हणून ते म्हणाले, काय नाय.

मी हेडफोन काढले, तेव्हा बाबा जागे होते. किती वेळ जागे होते, कोण जाणे. ते माझ्या मांडीवरच्या यंत्राकडे बघत होते.

"त्या दिवसाचा आसा?"

"होय."

"सगळा?"

"माझा ओरडणा आसा. पाणी आसा."

त्यांनी चादरीची कड बोटांनी सारखी केली. सुताराची बोटं, कुठेही कड दिसली की ती सारखी करतात. ती करून झाली तरी करत राहिले.

"माझो आवाज आसा त्येच्यात?"

"नाय," मी म्हणाले. "तुझो आवाज खूप बारीक व्हतो बाबा. मशीनीक आयकाकच येवक नाय."

समोरच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. नर्सबाई दारातून म्हणाल्या, "ए पोरी, इस्पितळ आहे हे." बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या छातीवरची चादर वर गेली, खाली आली, परत वर गेली.

गार्गीताई दारात उभी होती. मी तिच्या हातात यंत्र दिलं आणि "पुसून टाक" म्हणाले. तेही सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं.